कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चं इंजिन घरी बांधताना

मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. त्यातल्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचं इंजिन, म्हणजे एफ-आठ-बी, घरी उघडून बांधायला शिकण्यासारखं दुसरं नाही. तीन सिलेंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वर एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारा टायमिंग बेल्ट. सुटे भाग आजही मिळतात, आणि मोकळा झालेला ब्लॉक दोघांना उचलता येतो.

उघडणं आणि आवळणं हा यातला सोपा भाग आहे. इंजिन टिकणार की सहा महिन्यांत पुन्हा धूर मारणार, हे मोजणी आणि धुलाई या दोन गोष्टींवर ठरतं, म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

उघडण्याआधी: खरंच इंजिन काम आहे का?

निळा धूर दिसला की लोक थेट पिस्टन-रिंगकडे वळतात. धूर कधी येतो ते आधी बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना एक भपका येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, आणि ते काम फक्त हेडचं आहे. चढावर किंवा जोर दिल्यावर सतत निळा धूर असेल तर रिंगा आणि बोअर. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होणं म्हणजे हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधलं) किंवा हेडला तडा.

मग कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलेंडरचा आकडा लिहून ठेवा. १२ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास असेल तर तब्येत चांगली. सिलेंडरांमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तर कमी आकडा देणाऱ्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग.

आवाजही ऐका. थंड इंजिनचा खटखट आवाज गरम झाल्यावर कमी होत असेल तर पिस्टन सैल आहे. जोर दिला की खालून येणारा टणक ठोका बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकशाफ्टला (पुढे नुसतं क्रँक) धरतो तिथला. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर बेअरिंगं झिजलीत किंवा ऑइल पंप.

जागा, हत्यारं आणि एक कागदी बाब

सपाट फरशी, वर भक्कम आधार असलेला अर्धा टनाचा चेन ब्लॉक, दोन घोडे, १० ते १९ नंबरच्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने एवढं तर लागतंच. टॉर्क रिंच (ठरलेल्या जोराने आवळण्यासाठी), फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती), ० ते २५ आणि ५० ते ७५ मिमीचे मायक्रोमीटर (क्रँकच्या जर्नलसाठी, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांसाठी, २५ ते ५० चाही) आणि बोअर गेज याशिवाय सुरुवात करू नका. बोअर गेज विकत घेणं परवडत नसेल तर बोअरचं मोजमाप मशीन शॉपमध्ये तुमच्यासमोर करून घ्या, पण आकडे लिहून घरी आणा. शिवाय गाडीच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. खाली दिलेले आकडे कार्ब्युरेटर इंजिनाचे आहेत. तुमच्या सालच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचं ऐका. पेट्रोल जवळ असणार, तेव्हा आग विझवायचा सिलेंडर हाताशी हवा.

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. बोअरिंग (सिलेंडर आतून कापून मोठा करणं) केल्याने तो बदलत नाही. पण ब्लॉकच बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, म्हणून जुन्या बाजारातून ब्लॉक आणण्याआधी त्याची कागदपत्रं मागा.

काढणं

बॅटरीची निगेटिव्ह आधी. मग ऑइल, पाणी आणि गिअर ऑइल काढा. गिअर ऑइल राहिलं तर ड्राइव्ह शाफ्ट ओढताच सगळं फरशीवर येतं. बॉनेट आणि रेडिएटर काढून वाट मोकळी करा. प्रत्येक वायर, व्हॅक्यूम पाइप आणि केबल सोडण्याआधी फोटो घ्या आणि टेपवर नंबर टाका. कार्ब्युरेटरच्या बारीक व्हॅक्यूम पाइपांची अदलाबदल झाली तर इंजिन नवं असूनही आयडल नीट लागत नाही, आणि मग दोष पिस्टनवर ढकलला जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र चेन ब्लॉकने वरून उचला. माउंटिंगचा शेवटचा बोल्ट काढण्याआधी साखळीला ताण द्या, आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात-पाय घालू नका.

खोलणं

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडा. बाहेरून आत, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. गरम असताना किंवा एका बाजूने सोडलं तर हेड वाकतं. हेड चिकटलं असेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमला खोचा पडतो. लाकडी दांड्याने बाजूने ठोका.

पिस्टन वर काढण्याआधी बोअरच्या तोंडाशी नखाने चाचपून बघा. वरची रिंग जिथे थांबते त्याच्या वर न झिजलेल्या धातूची कड उरलेली असते. ती आधी घासून काढली नाही तर पिस्टन येताना रिंगांची बैठक तुटते. बोअर होणारच असेल तर चिंता नाही, पण पिस्टन पुन्हा वापरायचा असेल तर ही कड महत्त्वाची.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी आहे. दोन्हीवर एकाच बाजूला सिलेंडरचा नंबर पंच करा, आणि रॉड कोणत्या बाजूने कसा बसलेला होता त्याचा फोटो घ्या. रॉडच्या बोल्टांना रबरी नळीचे तुकडे चढवा म्हणजे ते क्रँकला ओरखडणार नाहीत. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या चार कॅपा आहेत, त्यांची जागा आणि दिशा दोन्ही पक्क्या आहेत. जुनी बेअरिंगं फेकू नका, ती क्रमाने मांडून वाचा. एकाच बेअरिंगचा पांढरा थर उडून खालचा तांब्याचा रंग दिसत असेल तर त्या ठिकाणी ऑइल पोचत नव्हतं, आणि क्रँकमधलं त्याचं छिद्र चोंदलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळ्यांवर सारखे उभे ओरखडे म्हणजे ऑइलमध्ये घाण.

मोजणी: इथे घाई करू नका

प्रत्येक बोअर तीन उंचींवर (वर, मध्ये, खाली) आणि दोन दिशांना (क्रँकच्या समांतर आणि आडवा) मोजा. एका सिलेंडरचे सहा आकडे होतात. तिन्हींचे मिळून अठरा. कागदावर तक्ता काढा.

समजा, एका बोअरचा वरचा आडवा आकडा ६८.६३, वरचा समांतर ६८.५६ आणि खाली ६८.५१ आला. म्हणजे वर-खाली ०.१२ आणि गोलाईत ०.०७ चा फरक. ०.१० च्या पुढे गेलेला बोअर घासूनपुसून नव्या रिंगा टाकण्याच्या लायकीचा राहत नाही. आता २५ चा पिस्टन (०.२५ मिमी ओव्हरसाइझ) पुरेल का? आकडेमोडीत ६८.७५ हे ६८.६३ पेक्षा मोठं आहे, म्हणून पुरेल असं वाटतं. पण आडव्या दिशेची झीज बहुधा एकाच भिंतीला जास्त असते. ती सगळी ०.१३ एकाच बाजूला असेल आणि बोअरचा मध्य मूळ जागीच ठेवायचा असेल, तर साफ करायला ०.१३ दुप्पट करून ०.२६ लागतात. २५ मध्ये एक पट्टा न कापलेला राहणार. अशा वेळी ५० (०.५० मिमी) घ्यायचा. एका सिलेंडरला ५० लागला तर तिन्ही ५० च करायचे. मशीन शॉपवाल्याने २५ मध्ये काम बसवतो म्हटलं तर बोअर कापून झाल्यावर पट्टा राहतो का ते स्वतः बघा.

क्रँकचा प्रत्येक जर्नल दोन दिशांना आणि दोन टोकांना मायक्रोमीटरने मोजा. गोलाईत किंवा निमुळतेपणात ०.०१ पेक्षा जास्त फरक असेल, किंवा नखाला अडकणारा ओरखडा असेल, तर ग्राइंडिंग लागेल आणि बेअरिंग ०.२५ अंडरसाइझची. हेडच्या तळाला स्टील पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या दिशांना लावून खाली फिलर घाला. ०.०५ चं पातं शिरलं तर फेसिंग (तळ कापून सपाट करणं) करा, पण गरजेपुरतंच. हेड जितकं कापाल तितकं कॉम्प्रेशन वाढतं. जास्त तापलेल्या इंजिनाचं हेड प्रेशर टेस्ट करून घेतल्याशिवाय बसवू नका, व्हॉल्व्हच्या सीटच्या मधला तडा डोळ्याला दिसत नाही.

खरेदी आणि मशीन शॉप

मोजल्यानंतरच सुटे भाग आणा. पिस्टन-रिंग सेट ओव्हरसाइझनुसार, मेन आणि बिग एंड बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, फुल पॅकिंग सेट, व्हॉल्व्ह सील, क्रँकची पुढची-मागची आणि कॅमची ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ब्लॉकचे कप प्लग, ऑइल आणि एअर फिल्टर, प्लग. बेल्ट जुना ठेवून पैसे वाचवू नका. इंजिन बाहेर असताना क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग पाहून घ्या.

पिस्टन आधी, बोअर नंतर. पिस्टन मशीन शॉपमध्ये नेऊन द्या, तिथे प्रत्येक पिस्टनच्या घागऱ्याचं (खालच्या भागाचं), पिनला काटकोनात माप घेऊन त्याप्रमाणे बोअर कापतात. क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक) पिस्टनच्या खोक्यावर छापलेला असतो, या इंजिनाला साधारण ०.०४ ते ०.०५ मिमी. हा आकडा कामाच्या चिठ्ठीवर लिहून द्या. "नेहमीसारखं करा" म्हटलं तर थोडं सैल कापतात, कारण घट्ट पिस्टन जाम झाल्याची तक्रार परत येते आणि सैलाची येत नाही. बोअरिंगनंतर होनिंग (दगडाने भिंत घासणं) झालंच पाहिजे. त्याच्या जाळीदार रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदणाऱ्या, सगळीकडे सारख्या हव्यात. आरशासारखी चकाकती भिंत ऑइल धरत नाही आणि रिंगा बसत नाहीत. क्रँक ग्राइंडिंगमध्ये जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई टिकवायला आणि ऑइल छिद्राची कड मोडायला सांगा. कोपरा चौकोनी झाला तर तिथूनच क्रँक तुटतो. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) बसवायचं कामही त्यांच्याकडेच द्या.

महाराष्ट्रात हे काम जाणणाऱ्या कारखान्यांची उणीव नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या इंजिनाचं यंत्रकाम चालतं, पुण्यात नाना पेठेत सुटे भाग मिळतात. निवड करताना एकच बघा: तिथे बोअर गेज रोज वापरात आहे का, की पेटीत आहे.

धुलाई

ब्लॉक मशीन शॉपमधून आला की होनिंगच्या दगडाची भुकटी बोअरच्या रेघांत बसलेली असते. रॉकेल-डिझेलने ती निघत नाही, फक्त पसरते. गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर, नायलॉनचा ब्रश, आणि बोअर घासत राहायचं. मग ऑइल लावलेला पांढरा कपडा भिंतीवर फिरवा. कपडा करडा झाला तर पुन्हा धुवा. पांढराच राहीपर्यंत. ऑइलच्या वाटांतून बारीक ब्रश घाला, कॉम्प्रेसरची हवा मारा, क्रँकच्या प्रत्येक छिद्रातून धार निघते का बघा. सुकवताच बोअरला लगेच ऑइल लावा, पावसाळ्यात काही मिनिटांत गंज चढतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि पिस्टन कॉस्टिक सोड्यात कधीही टाकू नका, सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. कार्बन मऊ पितळी ब्रशने काढा.

खालचा भाग बांधणं

बेअरिंगची पाठ आणि त्याची बैठक कोरडी, स्वच्छ हवी. ऑइल फक्त आतल्या बाजूला. ब्लॉकमधल्या बेअरिंगचं छिद्र ब्लॉकच्या ऑइल छिद्रावर आलंय का प्रत्येक ठिकाणी बघा. पहिल्यांदा बिनऑइलचं बसवून जर्नलवर प्लास्टिगेजचा (दाबाने चपटणाऱ्या मऊ धाग्याचा) तुकडा ठेवा, कॅप टॉर्कने आवळा आणि क्रँक न फिरवता सोडा. चपटलेल्या तुकड्याची रुंदी खोक्यावरच्या पट्टीशी लावली की क्लिअरन्स मिळतो: ०.०२ ते ०.०४ चांगला, ०.०८ ही शेवटची हद्द. मग प्लास्टिगेज पुसून, ऑइल लावून कायमचं बसवा. थ्रस्ट वॉशरच्या खाचा क्रँकच्या बाजूला.

मेन कॅप ४.३ ते ४.८ किलोग्रॅम-मीटर, टप्प्याटप्प्याने. एकेक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवा. सगळ्या आवळूनही हाताने सलग फिरायला हवा. जी कॅप आवळल्यावर अडतो ती कॅप उलटी आहे, चुकीच्या जागी आहे किंवा पाठीमागे कचरा आहे. जोर लावून पुढे जाऊ नका.

प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकलून तोंडाची फट फिलरने मोजा. वरच्या दोन रिंगांना ०.२० ते ०.३५ च्या आसपास हवी. कमी असेल तर बारीक कानसेने टोक घासा, नाहीतर तापल्यावर टोकं भिडून रिंग तुटते. जास्त असेल तर सेटच चुकीचा आलाय, दुकानात परत करा. रिंगवरचं अक्षर वरच्या बाजूला. ऑइल रिंगमध्ये आधी स्प्रिंग, मग दोन पातळ पट्ट्या. तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका, पिनच्या सरळ रेषेतही नको.

पिस्टनवरचा बाण क्रँक पुलीकडे. रिंग कॉम्प्रेसर लावून हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ढकला. अडला तर थांबा, बहुतेक वेळा ऑइल रिंगची पट्टी कडेवर आलेली असते. रॉड कॅप २.८ ते ३.२ किलोग्रॅम-मीटर. प्रत्येक पिस्टननंतर क्रँक फिरवून पाहा. ऑइल पंपच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे पहिल्या फिरण्यात तो कोरडा खेचणार नाही. ऑइल गाळणी बसवण्याआधी तिची जाळी उजेडात धरून बघा. ऑइल चेंबरला (खालच्या तव्याला) सीलंटची बारीक रेघ पुरे. जास्त लावलेला आत गळतो आणि हीच जाळी बुजवतो.

हेड आणि टायमिंग

व्हॉल्व्ह बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासा, पूर्ण गोल, करडा, न तुटलेला पट्टा दिसेपर्यंत. मग हेडच्या ज्वलन चेंबरमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं ठेवा. पोर्टमध्ये ओल आली तर अजून काम आहे. व्हॉल्व्हची गाइड सैल असेल तर नुसता सील बदलून धूर थांबत नाही.

हेड पॅकिंग कोरडं, छापलेली बाजू वर. बोल्टांच्या बंद छिद्रांत ऑइल किंवा पाणी राहिलं असेल तर कपड्याने शोषून घ्या. आवळताना अडकलेलं द्रव ब्लॉकला तडा देतं, आणि टॉर्क रिंचही फसवा आकडा दाखवतो. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत: आधी २, मग ४, शेवटी ५.५ ते ६.० किलोग्रॅम-मीटर.

कॅमच्या पुलीवरची खूण मागच्या कव्हरच्या खाचेशी आणि क्रँकच्या पुलीवरचा ठिपका ऑइल पंपावरच्या बाणाशी जुळवून बेल्ट चढवा. बेल्ट नसताना कॅम किंवा क्रँक मनमानी फिरवू नका, व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडू शकतात. टेन्शनर लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत तपासा. एका दात्याने चुकलं तरी गाडी सुरू होते, पण ओढत नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनावर ०.१५ मिमी. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर आणा, त्याचे दोन्ही टॅपेट लावा, मग क्रँक २४० अंश फिरवून तिसरा, पुन्हा २४० अंश आणि दुसरा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर पहिल्या सिलेंडरच्या टोकावर पहिल्याच वायरकडे बघतोय याची खात्री करा.

पहिली सुरुवात

इंजिन बसवल्यावर बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी लावायची राहून जाते. स्टार्टर रडत फिरला तर आधी तिथेच बघा. ऑइल साधं मिनरल, २०-डब्ल्यू-४०. ऑइल चेंबरमध्ये पावणेतीन लिटरच्या आसपास बसतं, शेवटचा निर्णय डिपस्टिकचा. सिंथेटिक इतक्यात नको, रिंगा बसायला वेळ लागतो. प्लग बाहेर ठेवून, इग्निशन तोडून, दहा-दहा सेकंदांच्या झटक्यांत स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा.

सुरू होताच दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर वेग थोडा चढा, १५०० ते २००० च्या दरम्यान ठेवून गरम होऊ द्या. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून पाण्यातले बुडबुडे निघून जाऊ द्या आणि पाणी भरत राहा. बुडबुडे थांबतच नसतील आणि पाणी उसळत असेल तर हेड पॅकिंगमधून दाब पाण्यात जातोय. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत थोडा धूर येणारच, बांधताना लावलेलं ऑइल जळतं. पंखा लागतो का, कुठे गळतंय का, आवाज बदलतोय का, यावर नजर ठेवा. टायमिंग लाइटने इग्निशन बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे लावा.

पहिले ५०० किलोमीटर वेग ५०-६० च्या आत, पण तोही सारखा एकच नको. चढ-उतार असलेल्या रस्त्यावर हलका जोर द्या आणि सोडा, रिंगा त्यानेच भिंतीशी बसतात. वरच्या गिअरला गाडी रेटवू नका. आयडलवर तासन्‌तास उभं ठेवणं सगळ्यात वाईट, भिंत चकाकते आणि ऑइल खाणं कायमचं चिकटतं. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या कपड्यातून गाळून त्यात धातूची चमक आहे का बघा. बारीक करडी भुकटी ठीक आहे, चकचकीत कपचे ठीक नाहीत. इंजिन थंड असताना टॅपेट पुन्हा लावा, आणि पॅकिंगच्या पाकिटावर सांगितलं असेल तर हेडही पुन्हा आवळा. हजार किलोमीटरला पुन्हा ऑइल बदला आणि कॉम्प्रेशन घ्या. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर त्याच दिवशी लिहून गाडीच्या कागदांत ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला तेच लागतील.